फौजदाराचं लंगडणं

३ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईच्या कळसूत्री बाहुल्यांच्या गाडीत वाढलेल्या आपणा दोघांवर अन्याय झाला आहे! काल संग्रहालयात गेले. दुरुस्तीवाल्या बाईंनी आपला फौजदार बाहुला कौतुकाने चालवून दाखवला, तर तो सरळ चालला! डाव्या पायाची आखूड दोरी त्यांनी उजवीएवढी करून टाकली. सरळ चालणारा फौजदार कुणी पाहिलाय? तो लंगडत आला की अख्खं मैदान हसायचं. वर बाई म्हणतात, तुमच्या भावानेच 'दोऱ्या नीट करा' असं सांगितलं. आपल्या खेळात 'नीट' म्हणजे आईने ठेवलं तसं, हे त्यांना काय ठाऊक? रविवारी उद्घाटन, मग काचेच्या कपाटाला कायमचं कुलूप. माझा जीव थाऱ्यावर नाही. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, सध्या राग जास्त आहे.

तुझी धाकटी

५ ऑक्टोबर

चि. तोफेस,
अ. उ. आ.

तोफ धडाडली, शेजाऱ्यांनाही ऐकू आली. शब्द माझाच चुकला. पण आई गेल्यावर बाहुल्यांची पेटी माझ्या माळ्यावर होती. तुझ्या भाषणांना टाळ्या पडतात, पण त्यांनी वाळवी पळत नाही. तिने राणीचा हात खाल्ला तेव्हा मी संग्रहालयाचं दार ठोठावलं. तुझी वहिनी विचारते, नणंदबाईंनी पेटी एकदा तरी उघडली होती का? मी तिला गप्प केलं, पण प्रश्न तुझ्याकडे पाठवतो.

बाई भल्या आहेत. दोरी पुन्हा आखूड करतील, पण किती, ते विचारतात. मी जन्मभर ढोल बडवला, आईच्या बोटांकडे पाहिलंच नाही. तुला माहीत असेल तर लगेच कळव. प्रकृतीला जप, घशाला अधिक जप.

तुझा दादा

७ ऑक्टोबर

ती. दादा आणि वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

वहिनींचा प्रश्न वर्मी लागला. नाही उघडली मी पेटी.

सकाळपासून लाकडी उलथन्याला दोरे बांधून घरभर चालवते आहे. माप काही सापडेना. मग आठवलं, माप कधी नव्हतंच! नवी दोरी ओवली की आई गाठ न मारता फौजदार आपल्यापुढे चालवायची. दोरी हळूहळू ओढत जायची, आणि आपण खिदळलो की तिथेच गाठ! बंद काचेत ते हसू कुठून येणार? बाहुल्या आत ठेवून बघणारे बाहेर काढले, तर अर्धाच खेळ जपला म्हणायचा.

शनिवारी सकाळी मी संग्रहालयात येते. दोरी मी ओढीन. लोभ असावा हे नेहमीचंच. या खेपेला पोरं असावीत. घरची, शेजारची, सापडतील तेवढी घेऊन ये, आणि बाईंना सांगून ते कपाट उघडून ठेव.

तुझी धाकटी