नव्वद तासांचं इंजिन

६ मे १९५१, रविवार
आजपासून रोजनिशी. एक्सपर्ट माणसाने अनुभव लिहून ठेवावेत.

मचवेवाला इक्बाल मला त्याच्या शिडाच्या मचव्यातून जासईला घेऊन गेला. तिथे काशीराम पाटलाच्या मिठाच्या कोठारात एका लहान विमानाचं धड पडलंय, लिलावात भंगार म्हणून घेतलेलं. पंख गेले, पण नाकाडावरचं इंजिन आणि पंखा शाबूत. इक्बालला ते सपाट होडीच्या मागे बसवायचंय. ओहोटीला पनवेलच्या खाडीत नुसता चिखल, मचवे रुतून बसतात. ही होडी चिखलावरून घसरत जाईल. काशीराम इंजिनाच्या बदल्यात मचवा मागतोय. मचवा इक्बालच्या बापाने बांधलेला, सगळं घर त्यावर चालतं. तेव्हा सिलिंडर किती झिजलेत ते मी सांगायचं आणि मग सौदा.

अख्ख्या पनवेलात विमानातलं कळणारा मीच. लढाईत विमानतळावर होतो. (स्टोअरमध्ये. पण स्टोअर विमानतळावरच होतं ना?)

इंजिन जेमतेम नव्वद तास उडालेलं. म्हणजे तान्हं बाळच. कोठारही कोरडं असणार, मिठात ओल कुठली? तरी पद्धतशीर तपासलं. आमच्या गॅरेजची रीत अशी की खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या सिलिंडरांत आधी तेल सोडायचं, मग पुढचं. सढळ हाताने सोडलं. मग पंखा हाताने फिरवला. काय दाब! चारही सिलिंडर हात मागे ढकलत होते. कॉम्प्रेशन फर्स्ट क्लास. मी जाहीर केलं, कोरं करकरीत इंजिन.

इक्बाल म्हणाला, "भाऊ, तुमी बोल्लात ना, बस झाला."

संध्याकाळी त्याच्याकडून जिताडा मासा आला. बायकोने, सत्यवतीने, मानाचं डोकं मला वाढलं. नव्वद तासांचं सांगितलं तर म्हणाली, वापरातलं पातेलं लखलखतं, माळ्यावरचं गंजतं. बायकांना मशिनरी कळत नाही.

७ मे, सोमवार
तेलाचा डबा तिथेच विसरलो होतो. सायकलने जासईला गेलो. कोठारात कुणी नव्हतं. सहज पंखा फिरवला.

गरगर फिरला. दाब नावालाही नाही. तेल रात्रीतून झिरपून गेलेलं. प्लगच्या भोकात बोट घातलं तर गंजाने तांबडं होऊन बाहेर आलं.

म्हणजे काल हाताला लागला तो दाब तेलाचा होता. आधी कोरडं तपासायचं, मग तेल घालून. मी उलटं केलं.

पण उकाडा भयंकर आहे. उकाड्यात काहीही होऊ शकतं. उद्या सकाळी इक्बालला सांगून टाकतो. डबा पुन्हा तिथेच राहिला.

८ मे
गॅरेजमध्ये गर्दी. उद्या.

१० मे, गुरुवार
धक्क्यावर सौदा. मुद्दाम लवकर गेलो, सांगायलाच. काशीरामने इंजिन होडीवर चढवून आणलं होतं. तो स्पष्टच म्हणाला, "नीट बगून घे रं. मंग बिगारला त आमी परत घेनार नाय." इक्बालने माझ्याकडे बघितलं. मी घसा खाकरला. दोर ओढणारेही थांबले.

मी म्हटलं, "दोर घट्ट बांधा."

काशीरामची माणसं मचवा घेऊन गेली. इक्बाल तो वळणापलीकडे जाईपर्यंत बघत उभा होता. नंतर हसला आणि मला चहा पाजला. चहाला साखर फार होती.

११ मे
निश्चय: खरं सांगेपर्यंत इक्बालच्या घरचा मासा बंद.

१३ मे
कोळंबी आली. कोळंबी म्हणजे मासा नव्हे.

९ जून
रोजे चालू झाले. उपाशी माणसाला वाईट बातमी देऊ नये, माणुसकी म्हणून काही आहे. ईदला सांगतो.

७ जुलै, शनिवार
ईद. इक्बालची बहीण फरिदा हिने शिरखुर्मा वाढला. तोंड गोड असताना कसं बोलणार? दोन वाट्या घेतल्या. तिचं लग्न दिवाळीनंतर होडीच्या कमाईवर करायचं आहे, असं इक्बालने सांगितलं. तिसरी वाटी घेतली नाही. तेवढा संयम पाळला.

प्रायश्चित्त म्हणून होडी फुकट रंगवून देतो आहे. तर तो गावभर माझी तारीफ करतो. याला काय म्हणावं!

१६ ऑगस्ट
उद्या नारळी पौर्णिमा. होडी उतरणार. सत्यवतीला सगळं सांगितलं. तिने माळ्यावरचं पातेलं काढून घासायला घेतलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

प्लॅन: निघायच्या आधी गुपचूप भरपूर तेल. कदाचित चालेलही. इंजिनंसुद्धा सुधारतात.

१७ ऑगस्ट, शुक्रवार
इक्बाल जुम्म्याची नमाज पढून आला. नारळ वाहिला. मी आधीच तेल ओतून ठेवलं होतं. निळा धूर काढत इंजिन धडाडलं. मीही होडीत बसलो. धक्क्यावर टाळ्या. मला वाटलं, उगाच इतके दिवस घाबरलो.

पहिल्या वळणावर तेल जळून संपलं. फुसफुस केलं आणि बंद. भर ओहोटीत, मधोमध चिखलात. मी पंखा फिरवला तर गरगर.

अंधार पडता पडता भरतीला मचवा आला ओढून न्यायला. तोच मचवा. काशीरामनेही आजच पाण्यात उतरवलेला. त्याच्या लोकांनी हसत विचारलं, काय झालं? इक्बाल म्हणाला, "इंजान चांगला होता. भाऊंनी सोता तपासलेला. माझ्याच हातून कायतरी बिघाडला."

आता बोलायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "भरती पूर्ण कधी होते?"

२ सप्टेंबर
इंजिन काशीराम परत घेत नाही. बरोबरच आहे. फरिदाच्या सासरचे विचारायला येऊन गेले. लग्न पुढे ढकललं.

इक्बाल काशीरामकडे खलाशी म्हणून लागला. बापाच्याच मचव्यावर.

त्याला सगळं सांगायचं पक्कं ठरवलं आहे. परवा.

९ सप्टेंबर, रविवार
संध्याकाळी इक्बाल स्वतः आला, जिताडा घेऊन. दिवसभरात गळाला तेवढा एकच लागला म्हणे. भाऊ, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, वाळलात, असं म्हणाला आणि घाईने गेला, मचवा सुटायचा होता. मी सांगणारच होतो, पण तो निघालाच.

सत्यवतीने अख्खा मासा माझ्या ताटात वाढला. स्वतः लोणचं-भात घेतला. मी म्हटलं, अगं, एवढा माझ्याने संपायचा नाही, तूही घे.

ती म्हणाली, "तुमच्यासाठी आणलाय त्याने."

संपला.