दादांच्या मेंदूची सूज

११ एप्रिल १९७३, मुरुम
सोनारीची विहीर आटली म्हणून आई आणि वडील, आमचे दादा, माझ्याकडं आले, त्याला महिना झाला. आज टँकरच्या रांगेत दादा एकदम खाली बसले. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं. माझ्याच वॉर्डात, खाट ४. बी.पी. २१०/१२०. अडखळत बोलतात. मला म्हणाले, "ड्युटी सोडू नको."

१२ एप्रिल
डाव्या हातानं पेज प्याले. आई म्हणाली, "उतरलं बघ." तिसरा दिवस वाईट असतो, असे पेशंट पाहिलेत.

१३ एप्रिल
सकाळपासून गुंगी. दोन उलट्या. डॉक्टरांनी आईला समजावलं, "गुठळीनं मेंदूचा एक भाग मेला. आता त्याच्याभोवती दाह सुरू झालाय. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर घट्ट असतं, नको ते आत येऊ देत नाही. दाहानं ते सैल पडतं, पाणी झिरपतं, सूज येते. कवटी काही फुगत नाही."
आई म्हणाली, "मग पाणी काढा की."
पाणी ओढणाऱ्या सलाईनची एकच बाटली होती. लावली. बाकीच्या सोलापूरला. पेशंटलाच न्यावं का? रस्ताभर खडी. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही ठरवा." मी म्हणाले, इथंच. बाटल्यांसाठी एस.टी.च्या ड्रायव्हरकडं चिठ्ठी दिली.

१४ एप्रिल
डाव्या डोळ्याची बाहुली मोठी. हाकेला ओ नाही. नेलं असतं तर... बाटल्या दुपारी आल्या. संध्याकाळपर्यंत लघवी भरपूर. बाहुली थोडी लहान. चार्ट मीच लिहिला, अक्षर नीट आलं.

१८ एप्रिल
डोळे उघडले. पहिला शब्द, "नीरु." पाणी, तेही कानडीत! दादांचं बालपण मुरुमचं, घरात तेव्हा कानडीच. पुढं सोनारीला मास्तरकी, जन्मभर मराठी शिकवली. मला पेशंटांमुळं कानडी येते. आईला एक अक्षर नाही.

३ मे
घरी आणलं. काठी धरून चार पावलं. मराठी एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात सूज ओसरली, भाषा येईल, नाही पण येणार.

९ मे
आई भाकरी कुस्करून भरवत होती. दादा तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग हळू म्हणाले, "नी यारु?" तू कोण.
आईनं मला विचारलं, "काय म्हणत्यात?"
मी म्हणाले, "जेवलीस का विचारतात."
आई त्यांच्याकडं वळली. "जेवले की. तुम्ही खावा."