कागदावरचं वय

दादा,

आण्णांचं बायपास झालं. आयसीयूत हायेत. पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत पट्टी हाय.

परवा डॉक्टर म्हणले, "हातातली रक्तवाहिनी काढून हृदयाला जोडली तर जास्त वर्षं टिकते. पण बाबा शहात्तरचे आहेत, पायाचीच नस घेऊ. दहा वर्षं चालेल, या वयाला पुष्कळ झालं."

मला राहवलं नाय. म्हणले, "साहेब, आण्णा सहासष्टचे हायेत. एसटीचा फुकट प्रवास मिळावा म्हणून माझ्या भावानं आधारवर दहा वर्षं वाढवून आणली."

डॉक्टरांनी आण्णांकडं बघितलं. आण्णा चक्क हसले. "पोरगी घाबरलीय साहेब. शहात्तरच लिवा."

डॉक्टर गेल्यावर माझ्यावर खेकसले, "शिवराजची सरकारी नोकरी घालवती का, शालू?" तुला यातलं काही कळवायचं नाय म्हणून गळ्याची शपथ घातली. म्हणून हे पत्र मी धाडणार नाय.

पहिलं फुकट तिकीट मिळालं तवा गंगापूरच्या स्टँडवर तुम्ही दोघं किती हसला व्हता! मीबी हसले व्हते.

आत्ता सिस्टर सांगून गेली, "काळजी करू नका ताई, दहा वर्षं बघायला नको." लई मायेनं म्हणली बिचारी.

सहासष्टात दहा मिळवून बघ, दादा. तू कागदावर जिथं नेऊन ठेवलंस, तिथवरच आण्णांना आणून सोडंल ती नस.

आयसीयूच्या दाराशी बसलेली,
शालू