व्हर्च्युअल मेमरी कोणी बंद केली

प्रिय ठमे,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू ‘बरं, आणखी काय?’ म्हणालीस, की माझं बोलणं तिथेच आटोपतं. म्हणून कागद घेऊन बसले आहे. अक्षर थोडं तिरपं जातंय. शाळेतल्या सिस्टरनी हे पान पाहिलं असतं, तर सबंध पुन्हा लिहायला लावलं असतं.

बातमी अशी, की तुझा कंप्युटर पुन्हा सुरू झाला आहे आणि त्यावर बाबा गेम खेळतात. हसू नकोस. ज्या डब्यावरून तुम्ही दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोललेला नाहीत, त्याच्यासमोर ते रोज सकाळी दहाच्या ठोक्याला चष्मा पुसून बसतात. रिटायर झाल्यावर पहिले तीन महिने त्यांनी घरातली सगळी कपाटं आवरली, मग माझी आवरायला घेतली, तेव्हा मीच दुरुस्तीवाल्याला फोन केला. तोच गं, कोपऱ्यावरच्या दुकानातला, ज्याला आपण डॉक्टर म्हणायचो. आता त्याचे केस पार पिकलेत. त्याने तुझ्या कंप्युटरची धूळ काढली आणि बाबांना शहर वसवायचा एक गेम घालून दिला. सदतीस वर्षं ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या गटारांचे नकाशे काढलेल्या माणसाला कुणीतरी अख्खं शहर दिलं म्हटल्यावर काय होणार! जेवायला हाक मारली की उत्तर येतं, ‘थांब, उत्तरेकडे पाणी तुंबलंय.’

तुझी खोली तशीच आहे. भिंतीवरचा तुझ्या गेमच्या टीमचा फोटो मी काढलेला नाही. पाच जणींमध्ये मध्यभागी तू, कॅप्टन म्हणून उगाच गंभीर चेहरा केलेली. बाबा खेळताना तो फोटो त्यांच्या बरोबर डोक्यावर येतो. एकदा त्यांनी मान वर न करताच विचारलं, ‘हिची टीम अजून आहे का गं?’ मी म्हटलं, मला काय माहीत, तिलाच विचारा. त्यावर ते पुन्हा गटाराकडे वळले.

तर त्यांच्या शहराची लोकसंख्या तीस हजारांच्या वर गेली आणि गेम बंद पडायला लागला. पडदा थिजायचा, मेमरी अपुरी असल्याची एक ओळ यायची आणि सगळं गायब. ती ओळ मी लगेच ओळखली. तुलाही ती ओळ आठवत असेल. तुमच्या स्पर्धेच्या फायनलच्या दुपारी तुझ्या पडद्यावर ती तीनदा आली होती. तुझ्या टीममधल्या चौघी त्यांच्या त्यांच्या घरून ओरडत होत्या, तू पुन्हा पुन्हा कंप्युटर चालू करत होतीस, आणि तिसऱ्या वेळी तू हेडफोन काढून शांतपणे टेबलावर ठेवलास. तू तो आदळला असतास, तर मला कमी भीती वाटली असती.

डॉक्टर परवा घरी आला. खुर्ची ओढून बसला, पडद्यावर चार खिडक्या उघडल्या आणि शिट्टी वाजवली. ‘काकू, ह्याची व्हर्च्युअल मेमरी कोणी बंद केली?’ मी म्हटलं, मला समजेल असं सांग. मग त्याने सांगितलं आणि मी ते माझ्या लायब्ररीच्या भाषेत समजून घेतलं. वाचायचं टेबल भरलं, की ज्या पुस्तकांना सध्या कुणी हात लावत नाही ती आपण मागच्या खोलीत ठेवतो आणि लागली की आणतो. कंप्युटरही तसंच करतो. डिस्कवरची थोडी जागा त्याने मागची खोली म्हणून राखलेली असते. ती खोलीच काढून टाकली, तर टेबल भरल्यावर तो नवीन पुस्तक घेत नाही, सरळ हात वर करतो. छोट्या कामात हे कळतही नाही. मोठा गेम आला, की कळतं.

मी विचारलं, हे आपोआप बंद होतं का? तो म्हणाला, ‘छे! इथपर्यंत मुद्दाम यावं लागतं. वरची टिक काढायची, ‘नो पेजिंग फाइल’ निवडायचं, ‘सेट’ दाबायचं, मग ओके. नुसतं ओके दाबलं तर काहीच होत नाही. ज्याने केलं, त्याने नीट वाचून केलंय.’ मी आणखी विचारलं, याशिवाय कुणी काही बदललंय का? त्याने सगळं पाहिलं आणि म्हणाला, बाकी मशीन अगदी धडधाकट आहे.

त्याला मी सेटिंग करू दिलं नाही. आकडे तेवढे लिहून घेतले आणि म्हटलं, मी करते. त्याने लिहून दिलं होतं सोळा ते चोवीस जीबी. बाबा आंघोळीला गेल्यावर मी बसले, सोळा आणि चोवीस लिहिलं, ‘सेट’ दाबलं. कंप्युटरने काहीतरी कुरकुर केली, मी ‘होय’ म्हटलं. शहर पुन्हा कोसळलं. डॉक्टरला फोन केला, तर तो खो खो हसला. ‘काकू, तिथे एमबीत लिहायचं असतं! तुम्ही हत्तीला चमच्याने पाणी पाजलंत.’ मग सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी आणि चोवीस हजार पाचशे शहात्तर असं एकेक आकडा बोटाने मोजत लिहिलं. आता बाबांचं शहर चालतं. काल लोकसंख्या पन्नास हजार झाली म्हणून ते मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. ते सेटिंग मी बंद केलं होतं, ठमे. फायनलच्या दिवशी सकाळी, तू क्लासला गेली होतीस तेव्हा. आदल्या आठवड्यात तू म्हणत होतीस, डिस्क लाल झाली आहे, गेमचं नवीन अपडेट मावत नाही. पेपरच्या पुरवणीत जागा मोकळी करायची एक युक्ती आली होती. मी ती वहीत उतरवून घेतली आणि एकेक पायरी वाचून केली. लाल पट्टी निळी झाली तेव्हा मला इतका आनंद झाला, की तू परत आल्यावर तुला सांगून चकित करणार होते. दुपारी ते सगळं घडलं. रात्री जेवताना तू विचारलंस, माझ्या कंप्युटरला हात कोणी लावला? आदल्या दिवशी ‘हा डबा उचलून बाहेर ठेवतो की नाही बघ’ म्हणून बाबा ओरडले होते, तू त्यांच्याकडेच बघत होतीस. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत ते म्हणाले, ‘मी.’ तू उठून माझ्या कुशीत शिरलीस. मी तुझ्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि स्वतःला समजावलं, की त्यांनीही काहीतरी केलं असेल, माझ्याने एवढं कसं होईल? नऊ वर्षं हे पुरलं. परवा डॉक्टरने बाकी मशीन धडधाकट आहे म्हटलं आणि मला लपायला जागा राहिली नाही. मी बाबांना विचारलं, तुम्ही तेव्हा नेमकं काय केलं होतं? ते पडद्यावरची नजर न हटवता म्हणाले, ‘अगं, मला तेव्हा तो चालू तरी करता येत होता का? तू वही घेऊन बसलेली दिसलीस, एवढंच.’ मग का म्हणालात, मी, असं? तर म्हणाले, ‘ती दोघांवरही रुसली असती, तर जेवायला कुणाच्या शेजारी बसली असती?’ ठमे, माझ्यावर हवी तेवढी रागाव, नऊ वर्षांचं एकदम रागाव, मी ऐकून घेईन. पण हे पत्र वाचून झालं, की पहिला फोन मला करू नकोस. त्यांना कर. मी लिहिलंय हे त्यांना ठाऊक नाही. काय बोलावं ते सुचलं नाही, तर उत्तरेकडच्या पाण्याचं काय झालं एवढंच विचार. पुढचं ते बोलतील.

चुकलेली, तरीही तुझीच,
आई