चार वाजता सुटलेला कारभारी

जालना,
१९ फेब्रुवारी १९९७

तीर्थस्वरूप दाजी रामराव यांच्या चरणी मच्छिंद्राचा दंडवत.

तुमचा गुडघा कसा आहे? गिरिजाक्का बीपीची गोळी रोज घेते ना? (तिला विचारू नका, ती हो म्हणते. पाकीट मोजा.) जाफराबादकडं हरभरा बरा आहे असं ऐकलं. इकडं आम्ही सगळे मजेत आहोत, मला सोडून. मला दुखत-खुपत काही न्हाई, पण घास खाली उतरत न्हाई. म्हणून लिहून राह्यलो. तुमच्या कानावर अर्धंमुर्धं आलंच असेल, पण लोक भलतंच सांगतात.

सळईच्या कारखान्यातली हजेरीबाबूची खुर्ची तुम्ही मला देऊन गेलात, त्याला दहा वर्षं झाली. नऊ तासांच्या वर काम घेतलं तर दुप्पट मजुरी, असा कायदा आहे. आमच्याकडं तो कधी मोडलाच न्हाई, कारण पक्क्या वहीत सगळे चारला सुटायचे. खरं म्हणजे सात वाजायचे. वरच्या तीन तासांबद्दल मालक भजी द्यायचे. (भजी गरम असायची, खोटं का बोलू?)

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर तपासणीचे साहेब येणार म्हणून आदल्या दिवशीच खबर आली. वहीत माणसं एकोणीस आणि भट्टीवर शेहेचाळीस. मालकानं सत्तावीस जण ट्रकमधे घालून राजूरच्या गणपतीला पाठवले. चतुर्थी न्हाई, मंगळवार न्हाई, आणि काजळलेल्या तोंडांची एवढी रांग! पुजारीबुवांनी विचारलं म्हणे, नवस कुणाचा? (नवस मालकाचा होता, आणि देव पावला. त्या दिवसाची मजुरी मात्र ‘देवदर्शन’ म्हणून कापली.) घाईत त्यांचे जेवणाचे डबे खुंट्यांवरच राह्यले. साहेबांनी ते मोजले. मी म्हणालो, “साहेब, आमच्याकडची माणसं जेवायला दांडगी.” साहेब हसले, चहा पिऊन सही करून गेले. मालकानं माझी पाठ थोपटली. दाजी, त्या दिवशी मला माझंच फार कौतुक वाटलं हो.

कारभारी नावाचा गडी वहीतल्या एकोणीस जणांपैकी एक. अंबडकडचा, उंचापुरा, लाल सळई चिमट्यानं धरून पुढं ढकलायचं काम. दर पगाराला माझ्या टेबलापाशी येऊन एकच विचारायचा, “बाबू, माझे जादा तास लिवले का?” मी म्हणायचो, लिवले. ते खोटं नव्हतं. कच्च्या वहीत मी सगळं बराबर लिहीत होतो, फक्त त्या वहीवर पगार निघत नव्हता.

शहाण्णवच्या संक्रांतीच्या आठवड्यात त्याच्या बदलीचा माणूस आला न्हाई. तीन दिवस कारभारी सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत उभा. तिसऱ्या दिवशी साडेसहाला सळई उलटून त्याच्या कमरेला वेटोळं घालून बसली. आवाज ऐकून मी पळत गेल्तो. जे बघितलं ते लिहीत न्हाई.

दवाखान्यात तो बारा दिवस होता. चौथ्या दिवशी त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी मागतोय. म्हणाला, “त्या दिवसाचे लिवले का?”

मी म्हणालो, “लिवले.”

दाजी, न्हाई लिवले. उलट पक्क्या वहीत मी त्याच्या नावापुढं सुटायची वेळ चार लिहून ठेवली होती, आणि तीही सकाळी दहा वाजता. रोजच मी सगळ्यांचे चार सकाळीच लिहून मोकळा व्हायचो, म्हणजे संध्याकाळी मला वेळेवर घरी जाता यायचं. साडेसहाला कारभारी भाजत होता तेव्हा वहीप्रमाणं तो घरी जाऊन अडीच तास झाले होते.

मालकानं तेच धरलं. माणूस चारला सुटला, मंग आपल्या मर्जीनं आत आला, त्याची भरपाई आम्ही कशाला द्यावी? कच्ची वही तर अपघाताच्याच रात्री गायब झाली होती. (एवढी मोठी भट्टी हाताशी असल्यावर अवघड काय आहे?)

कारभारी गेल्यावर, चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको दुर्गाबाई माझ्या दारात आली. मला वाटलं, शिव्या देईल. मी मनाची तयारीही केली होती. तिनं शांतपणे विचारलं, “बाबू, ते चारला सुटले होते, तर घरी का न्हाई आले?”

तिला खरंच तसं वाटत होतं. नवरा अडीच तास कुठं गेल्ता, ह्याचा घोर त्या बाईला लागला होता.

मंग मी तिला सगळं सांगितलं. आणि तिनं लावलेल्या भरपाईच्या दाव्यात मागच्या बुधवारी कोर्टातही सांगितलं. मालकाचे वकील म्हणाले, “तेव्हा खोटं लिहिलं की आता खोटं बोलताय?” मी म्हणालो, “तेव्हा पगार घेऊन खोटं लिवलं, आता फुकटात खरं सांगतोय.” कोर्ट हसलं. दुर्गाबाई हसली न्हाई, मलाही हसू आलं न्हाई. गुरुवारी मला गेटावरनंच परत पाठवलं.

पण तुम्ही काळजी करू नका. अक्काला नमस्कार, पोरांना पापा.

तुमचा,
मच्छिंद्र

ता. क. : नोकरी गेल्याचं अक्काला सांगू नका. बढती मिळाली म्हणा.

आणखी एक ता. क. : दुर्गाबाईच्या वकीलबाई, अरुंधती मॅडम, म्हणतात की नोकरीवरनं काढलेल्या एकट्याचं बोलणं पुरणार न्हाई. सगळ्यांचे चार सकाळीच लिहायची रीत माझ्या आधीपासूनची होती, हे सांगणारा माणूस पाहिजे. दाजी, मला ती रीत तुम्ही शिकवलीत. पहिल्याच दिवशी, माझ्या हातात पेन देऊन. तुम्ही आता सोसायटीचे चेअरमन, चारचौघांत तुमचा मान आहे, मला सगळं कळतं. तारीख सहा मार्च. जाफराबादहून सकाळची पहिली एसटी धरली तर अकराच्या आत पोचता.

शेवटची ता. क. : न्हाई आलात तर मी बिलकुल राग धरणार न्हाई. फक्त, तुम्ही येताय असं मी दुर्गाबाईला सांगून बसलोय.