पाच मुक्काम

प्रिय ताई,

धाकट्याचं ऐकून ऐकून मी आई असूनही तुला ताईच म्हणायला लागले, ती सवय काही सुटत नाही. तुझ्या रविवारच्या फोनवर मी ‘गोळ्या घेतल्या, जेवले’ एवढंच सांगते आणि तू ‘बरं’ म्हणून ठेवतेस. मागचे दोन रविवार तोही झाला नाही. शेजारच्या ड्रिलमास्तरांनी तुला मी मैत्रिणीकडे गेल्याचं सांगितलं, ते खोटं होतं. मीच सांगायला लावलं, तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस. मी सायकलवरून डोंगरात गेले होते. एकटी. धाकट्याच्या सायकलवरून, त्याच्याच रस्त्याने.

डोक्याला हात लावलास ना? अठ्ठावन्नाव्या वर्षी म्हातारीला चळ लागला, असं मास्तरही म्हणाले होते. पण निवृत्त झाल्यापासून घरात बसवेना. पोलिसांनी परत दिलेली सायकल तीन वर्षं जिन्याखाली उभी होती आणि येता-जाता माझा पदर तिच्या हँडलला अडकायचा. एक दिवस मी मास्तरांना म्हटलं, मला शिकवा. त्यांनी सीट पार खाली केली आणि मागचं कॅरियर धरून शाळेच्या मैदानावर सहा महिने ते माझ्यामागे धावले. मी चार वेळा पडले, एकदा त्यांच्याच अंगावर. तंबू उभारायलाही त्यांनीच शिकवलं. घडी घालायला मात्र शिकवावं लागलं नाही. दवाखान्याच्या लाँड्रीत तीस वर्षं चादरींच्या घड्या घातलेली बाई मी, माझा तंबू पिशवीत जायचा तो इस्त्री केल्यासारखा.

तपासाच्या कागदांत त्याचे मुक्काम लिहिलेले होते. चार रात्रींचे चार, आणि पाचवं ते धरण. त्याला पाच दिवस लागले, मला नऊ. पहिल्याच चढावर गुडघ्यांनी राजीनामा दिला. मग मी चढ आला की उतरायचे आणि ढकलत चालायचे. मागच्या दोन्ही पिशव्यांचं ओझं उतारावर ढकलायचं आणि चढावर मागे ओढायचं. दुसऱ्या मुक्कामाला पाऊस आला, तंबूत पाणी शिरलं, मी ओल्या स्लीपिंग बॅगवर बसून पाव खाल्ला. तिसऱ्या दिवशी चेन उतरली ती चढवताना बोट चेपलं, नख अजून काळं आहे. वाटलं होतं, त्याने पाहिलं ते मी पाहीन, कुठेतरी तो भेटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही, ताई. डोंगर चांगले होते. गवत होतं, वारा होता, मेंढ्या रस्ता अडवून उभ्या राहायच्या. पण एकाही वळणावर तो नव्हता.

ज्याला-ज्याला सांगायचं त्याला आपण सांगितलं की तो सायकलवरून पडला. उतारावर ब्रेक लागला नाही, धरणाच्या कठड्यावरून खाली पाण्यात गेला. मी तर तेच धरून बसले. तेराव्या दिवशी भरल्या घरात, तुझ्या सासूसमोर मी तुला म्हटलं, ‘तू तुझ्या पहिल्या पगारातून ही सायकल आणली नसतीस तर आज माझा मुलगा असता.’ तू उठून भांडी घासायला गेलीस. ती सायकल कठड्याला नीट टेकवून, कुलूप लावून ठेवलेली सापडली, तिला साधा ओरखडाही नव्हता, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. तू तेव्हा ते तोंडावर फेकू शकली असतीस. फेकलं नाहीस.

धरणाच्या अलीकडे तीन वळणांवर एक दुकान आहे. पाव, बिस्किटं, स्टोव्हचे गॅसचे डबे असलं विकते एक बाई, माझ्याच वयाची. मी पाणी मागितलं. तिच्या मागच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यावर एक निळा तंबू पसरलेला होता. त्याच्या कोपऱ्याला हिरवं ठिगळ. ते ठिगळ मी लावलेलं, ऑपरेशन थिएटरच्या फाटक्या कापडाचं. मी खालीच बसले. तिला कळेना काय झालं. मग मी सांगितलं तेव्हा तिने तोंडाला पदर लावला.

‘मी नको म्हटलं हो,’ ती म्हणाली. ‘चांगला धड होता. तर म्हणाला, ठेवा मावशी, मला पुढे लागणार नाही. स्टोव्हपण दिला. मला वाटलं, पोरगं कंटाळलंय, घरी निघालंय. पोलिस आले तेव्हा बोलले नाही. वाटलं, म्हणतील हिने चोरला.’

तिने तो काढून द्यायची घाई केली. मी म्हटलं, राहू दे, कोंबड्या भिजतील. मग धरणावर गेले. दुपार होती, दोन माणसं कठड्याला रंग देत होती. पाणी नुसतं पाणी होतं. तासभर थांबले आणि सायकल बसच्या टपावर टाकून परत आले.

ताई, त्या बाईने आणखी एक गोष्ट सांगितली, ती वर लिहायची मी टाळली. तंबू देण्याआधी तो दुकानासमोरच्या बाकावर बसून कोणाशी तरी फोनवर बोलला. ‘मिनिटभरही नाही,’ ती म्हणाली. मग बराच वेळ तसाच बसला, आणि उठून पिशव्या सोडायला लागला. तो फोन मला होता. दुपारी साडेतीनला. लाँड्रीतलं मोठं मशीन तुंबलं होतं, फरशीवर घोटाभर पाणी, मी एका हाताने फोन धरलेला. तो म्हणाला, ‘आई, जरा बोलायचं होतं.’ मी म्हटलं, ‘बरा आहेस ना? मग रात्री बोल, आता मरायला फुरसत नाही.’ तो म्हणाला, ‘बरंय.’ पोलिसांना मी सांगितलं, खुशालीचा फोन होता. तुलाही तेच सांगितलं. मी ऐकून घेतलं असतं तर तो राहिला असता का, ते मला आता कोणी सांगू शकत नाही, आणि ते न कळताच मला एक दिवस मरावं लागणार. पण तुझ्या सायकलीचा यात काही संबंध नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी तीन वर्षं मी ते तुझ्या डोक्यावर ठेवलं, कारण माझ्या डोक्यावर पेलवत नव्हतं. हे सांगायलाच लिहायला बसले. तू माफ करावंस म्हणून नाही. ते तू करू नकोस. रविवारी फोन केलास तर उचलेन. नाही केलास तर का, ते मला कळेल.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
आई