मेजावर दोन भाकरी

रविवार, १२ जानेवारी, मुकुंदवाडी

ख्रिस्ताच्या पहिल्या विश्वासणाऱ्यांसारखं एक व्हायचं, म्हणून आज आमची आणि ताईची चर्चची मंडळी सात वर्षांनी एकत्र बसली. प्रभुभोजनात द्राक्षरसाला एकच प्याला की छोटे पेले, यावरून फुटलो होतो. प्याल्याचं ठरलं, भाकरीचं कुणी बोललंच नाही. प्रभुभोजनाला सगळ्यांनी मोडून खायला भाकर एकच लागते, अन् मेजावर दोन! एक माझी, एक ताईची.

"तुझीच राहू दे," म्हणत ताईनं आपली फडक्यात गुंडाळली. मी माझी मेजाच्या मधोमध सरकवली. का नाही थांबवलं तिला?

प्रार्थनेत डोळे मिटले, तर कोवळ्या उन्हात आई आम्हा दोघींचे हात धरून एकाच परातीत पीठ मळत होती.

घरी आले तर ते फडकं माझ्याच पिशवीत. कधी ठेवलं तिनं? भाकर अजून मऊ आहे. मोडवत नाही.

उद्या पीठ घेऊन जाते. आईची परात ताईकडंच आहे.